समुद्र नसलेल्या मराठवाड्यातून : तेरचं कापड आणि सोकोत्रा बेट

तेरणाकाठ

पेरिप्लसमधला तगरचा, म्हणजे आमच्याच तेरचा, उल्लेख गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेली ही सागरी वाटांची वही. तिच्यात म्हटलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि हे तगर फार मोठं शहर. पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचे अकीकासारखे दगड, तगरहून साधं कापड ढिगानं आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. गावात पाहुणा आला की एवढं ऐकवायचं, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ दाखवायचं, लामतुरे संग्रहालयातून फिरवून आणायचं, गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवायला लावायचं आणि एसटीत बसवून द्यायचं. माल भडोचला पोचला, जहाजात चढला, रोमला गेला, विषय संपला.

भडोच आणि रोम यांच्यामध्ये केवढा तरी समुद्र आहे आणि त्या समुद्रात माणसं मुक्काम करत होती, हे आपण सोडूनच देतो. त्याच वहीत, तगरच्या वीसेक परिच्छेद आधी, एका बेटाचं वर्णन आहे. आजचं नाव सोकोत्रा, ताबा येमेनचा. सोमालियाच्या टोकापासून पूर्वेला साधारण अडीचशे किलोमीटरवर भर समुद्रात असलेलं, सव्वाशे किलोमीटरहून लांब बेट. तो व्यापारी लिहितो : बेट मोठं पण ओसाड, काही भाग दलदलीचा. नद्यांत मगरी, सापांचा सुळसुळाट, आणि घोरपडीच्या जातीचे एवढे मोठे प्राणी की लोक त्यांचं मांस खातात आणि चरबी वितळवून तेलासारखी वापरतात. शेती नाही. वस्ती विरळ, तीही उत्तरेच्या किनाऱ्याला. आणि मुख्य म्हणजे ही वस्ती परक्यांची : अरब, भारतीय, काही ग्रीक. व्यापारासाठी येऊन राहिलेले. बेटाची मालकी धुपाच्या मुलखाच्या, म्हणजे दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतच्या राजाकडे.

इथे मिळायचं काय? कासवाची पाठ, उत्तम प्रतीची. आणि झाडांतून थेंब थेंब गोळा केला जाणारा लाल डिंक. भडोचहून आणि मलबारहून परतणारी जी जहाजं या बेटाला लागत, ती तांदूळ, गहू, भारतीय कापड आणि थोड्या दासी देऊन कासवाच्या पाठी घेत. त्या यादीतला शेवटचा शब्द गिळून पुढे जायचा मोह होतो. जाऊ नये. 'समृद्ध सागरी वारसा' म्हणताना त्या बाया कुठल्या होत्या, हा प्रश्न त्याच वाक्यात बसलेला आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी वाचायला मजा होती. पण २००० सालाच्या शेवटी बेल्जियमच्या गुहा-अभ्यासकांचं एक पथक या बेटाच्या ईशान्येकडच्या होक नावाच्या गुहेत शिरलं. गुहा चांगली दोन-अडीच किलोमीटर खोल. आत, जिथे उजेडाचा कवडसा पोचत नाही तिथे, भिंतींवर, जमिनीवर, खाली वाढलेल्या चुनखडीच्या खांबांवर लिहिलेलं सापडलं. कोळशानं, ओल्या मातीच्या बोटांनी, कुठे दगडानं ओरखडून. सगळं मिळून अडीचशेच्या आसपास लेख आणि चित्रं. दक्षिण अरबी लिपी आहे, इथिओपियाची आहे, ग्रीक आहे, अफगाणिस्तानकडची बॅक्ट्रियन आहे. सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या माणसानं ठेवलेली एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर चक्क तारीख, इ.स. २५८. पण यातले बहुसंख्य लेख ब्राह्मीत आहेत. आपली ब्राह्मी! साधारण दुसऱ्या ते पाचव्या शतकातली, पश्चिम भारतात चालणाऱ्या वळणाची.

मजकूर काय? नावं. अमक्याचा मुलगा तमका. कुणी स्वतःला जहाजाचा नाविक म्हणवतो, कुणी वाणी. देवगिरीच्या भिंतीवर बदाम काढून नावं लिहिणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, तीच सवय तिथे इतिहासाचं साधन झालीय. जहाजांची चित्रं आहेत, स्तूपासारख्या आकृत्या आहेत. मातीची भांडी आणि धूपदाण्याही मिळाल्यात, म्हणजे नुसते हौसेखातर आत गेलेले हे लोक नव्हेत. हातात पलिता घेऊन, त्या काळोखात एवढं आत जायचं तर काही नवस, काही भक्तिभाव असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की तेर, पैठण, भोकरदन ही एका दोरीची इकडची टोकं आहेत आणि सोकोत्रासारखं बेट ही तिची मधली गाठ. मराठवाड्याला समुद्र नाही म्हणून आपल्या गावांचा इतिहास लेणी, किल्ले आणि संत यांच्यात आटोपायचा, हे मला पटत नाही. जाणकारांनी भर घालावी.

---

उस्मानाबादी_शेळी

लई भारी लिवलंय राव. आमी तेरला धा येळा गेलतो आसंल, पण काकांच्या दर्शनाला. संग्रालयात पोरं नेली की ती भायेर पळत्यात.

एक सांगा, गाड्यांचं म्हणताव त्ये पटंना. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की बैलाचं पाय गुडघ्याएवढं रुतत्यात. तेरहून भडोच म्हंजी म्हैनाभर गाडी हाकायची. कवा निगत आस्तील ही मंडळी?

---

पुराव्यानिशी

तेरणाकाठ, लेख आवडला. शीर्षक वाचून मात्र भुवया वर गेल्या. 'तेरचं कापड आणि सोकोत्रा' या दोन शब्दांमधला 'आणि' फार ओझं उचलतोय.

पेरिप्लसमध्ये सोकोत्राला जाणारं कापड 'भारतीय' एवढंच म्हटलंय. तीच वही उज्जैनबद्दल काय सांगते तेही वाचा. तिथूनही अकीकासारखे दगड, मलमल आणि साधं कापड भडोचला उतरत होतं. भडोचच्या बाजारात सगळ्या दिशांचं कापड एका ढिगात पडत असणार. त्यातला कुठला तागा बेटावर गेला, हे त्या ढिगाला विचारूनही कळायचं नाही.

दुसरं, होकच्या ज्या लेखांत लिहिणाऱ्यानं गावाचं नाव सांगितलंय तिथे भरुकच्छ येतं, म्हणजे भडोच, आणि हस्तकवप्र येतं, म्हणजे भावनगरजवळचं हाथब. प्रतिष्ठान नाही, तगर नाही. माणसं गुजरातच्या किनाऱ्याची होती. शिवाय वही पहिल्या शतकाच्या मध्यातली आणि बहुतेक ब्राह्मी लेख त्यानंतर शंभर ते चारशे वर्षांचे. दोन्ही एका दमात सांगितले की वाचणाऱ्याला वाटतं, तेरचा गाडीवानच आत जाऊन सही करून आला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : तेर-पैठण सातवाहनांचं, भडोच शक राजा, क्षत्रप नहपानाचं. ही दोन घराणी एकमेकांच्या उरावर बसलेली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला, त्यातल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. शत्रूची नाणी वितळवायलाही थांबला नाही हा राजा. अशा दोघांच्या मधून हा माल जात होता.

---

तेरणाकाठ

पुराव्यानिशी, तेरचा माणूस सोकोत्राला गेला असं मी कुठेच म्हटलेलं नाही. दोरी आहे म्हणालो. आणि तुमचा शेवटचा मुद्दाच मला हवा होता.

नकाशा समोर ठेवा. तेरहून सगळ्यात सोयीचं बंदर कल्याण. जुन्नरच्या बाजूनं नाणेघाट उतरला की कोकण. त्या घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून आपण पोरांना दाखवतो. मग माल महिनाभर गाडी हाकत भडोचला का न्यायचा? उत्तर त्याच वहीत आहे. कल्याण आधीच्या राजाच्या वेळी खुलं बंदर होतं, पण नंतर तिथे अडवणूक सुरू झाली. चुकूनमाकून एखादं ग्रीक जहाज तिकडे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. म्हणजे शत्रूनं जवळचं दार बंद केलं आणि लांबचं दार स्वतःच्या अंगणात उघडं ठेवलं. व्यापारी तिकडून गेले. राजे भांडत होते, वाणी जकात भरून मोकळे होत होते.

शेळीभाऊ, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. पावसाळ्यात गाडी निघत नव्हतीच. पण समुद्राचंही तेच वेळापत्रक होतं. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन भाद्रपद-आश्विनात आपल्या किनाऱ्याला लागायची. परतायला ईशान्येचा वारा हवा, तो मार्गशीर्ष-पौषात धरतो. आता आपल्याकडचं बघा. दसऱ्याला रान वाफशावर येतं, दिवाळीपर्यंत वाटा टणक होतात. दिवाळीच्या आसपास तेर सोडलं तर परतीच्या जहाजांना माल मिळतो. जो मोसमी वारा तुमची गाडी रानात रुतवतो, तोच जहाज भडोचला आणून सोडतो.

---

केळणाकाठ

आमच्या भोकरदनचं नाव एकदा घेऊन पुढे गेलात, म्हणून लिहिणं भाग आहे. भोगवर्धन हे सातवाहन काळातलं गाव. तिथल्या दात्यांची नावं सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. १९७३ मध्ये इथे उत्खनन झालं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा सापडला, बाजूला छोट्या दासींसह. तेरलाही तशीच हस्तिदंती बाहुली मिळाली आहे, ती लामतुरे संग्रहालयात आहे.

आता इटलीत चला. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, वीतभराहून थोडी उंच, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दासी. सुरुवातीला लक्ष्मी म्हणून गाजली, आता यक्षी मानतात. नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आमच्या भोकरदनच्या तुकड्याशी तिचं साम्य एवढं आहे की अभ्यासक दोघींना शेजारी ठेवूनच बोलतात. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे ही बाई त्याआधीच तिथे पोचली होती. काळ बरोबर त्या वहीचा.

पुराव्यानिशी, तुमच्यासाठी एक खाऊ : त्या मूर्तीवर कारागिराची खूण म्हणून एक खरोष्ठी अक्षर आहे. खरोष्ठी ही दख्खनची लिपी नव्हे. पण नहपानाच्या नाण्यांवर ती ब्राह्मी आणि ग्रीक अक्षरांच्या सोबत येते. तेव्हा ही बाई क्षत्रपांच्या मुलखातून गेली असेल तर नवल नाही.

---

पुराव्यानिशी

खाऊ गोड आहे. त्याच खुणेवरून ती मूर्ती मुळात वायव्येकडच्या कारागिराची, असंही म्हणता येतं. पण भोकरदनचा तुकडा बाजूला सारता येत नाही, हे मान्य.

---

गंजगोलाई

लातूरला आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांच्या आधीपासून. या धाग्यात आलेला तो 'थेंब थेंब गोळा केलेला लाल डिंक' आम्ही विकतो. हिरादखण. खडा वरून काळपट-तांबडा दिसतो, सहाणेवर पाण्यात उगाळला की लालभडक पाणी सुटतं, बोटाला लागलं तर लवकर जात नाही. जुने वैद्य रक्त थांबवायला, जखमेवर लावायला नेत. सोकोत्राचं ते झाड म्हणजे उलट्या छत्रीसारखं दिसतं, खोडाला घाव घातला की हा चीक येतो. पेरिप्लसवाल्यानं त्याला हिंगूळ म्हटलंय. रंग तसाच, पण हिंगूळ खनिज आणि हे झाडाचं. मात्र आज बाजारात हिरादखण म्हणून जे येतं त्यातलं पुष्कळ सुमात्राकडच्या वेताच्या फळावरचं राळ असतं. नाव तेच, झाड वेगळं. गिऱ्हाईकाला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर काही दुकानदारांनाही.

दुसरा माल काळाबोळ. कोरफडीचा रस आटवून केलेला. काचेसारखा तुटतो, वास उग्र, चव कडूजहर. मुका मार लागला की पाण्यात शिजवून लेप द्यायचा, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. जुन्या औषधी व्यापारात काळ्याबोळाची नामांकित जात 'सोकोत्री' म्हणूनच चालायची, इंग्रजांच्या औषधकोशातही तेच नाव होतं. अरब लेखकांनी तर अशी गोष्ट सांगितलीय की अॅरिस्टॉटलनं शिकंदराला या कोरफडीसाठी बेट घ्यायला लावलं आणि तिथे ग्रीक वसवले. गोष्टच ती, पण मालाला काय भाव होता ते कळतं.

तेव्हा तेरणाकाठ, तुमच्या गाड्यांतून काय गेलं ते तुम्ही सांगितलंत. परत काय आलं तेही लिहा ना.

---

तेरणाकाठ

गंजगोलाईभाऊ, वा! हे दुकानातच बसून कळतं.

आलं काय : भडोचला उतरणारा माल त्या वहीत आहे. द्राक्षाची दारू (इटलीची आवडती), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्याचांदीची नाणी. आणि राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या दासी. बघा, माणसांचा व्यापार इकडूनही आणि तिकडूनही. तेरच्या मातीत यातलं किती मुरलं? रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं आहेत, कडी लावून गळ्यात घालायची. खरं नाणं परवडत नसेल त्यानं मातीचं घातलं. मला तेरच्या सगळ्या वस्तूंत ही पदकं जास्त आवडतात. दूरच्या बादशहाचा तोंडवळा आपल्या कुंभारानं साच्यात घेतला आणि गावात विकला.

---

बालाघाटी

बीड जिल्ह्यातर्फे निषेध. तगर म्हणजे आमचं धारूर, असं खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी सुचवलं होतं. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. शेवटी जुने लेख वाचणाऱ्या फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तेर म्हटलं आणि तुमची लॉटरी लागली. :)

---

पुराव्यानिशी

बालाघाटी, लॉटरी नव्हे, फ्लीटकडे कागद नसला तरी तांबं होतं. इ.स. ६१२ च्या दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटात दान घेणारा तगरचा रहिवासी आहे. शिवाय शिलाहारांची बिरुदं आहेत. पुढे तेरच्या पांढरीत चापेकरांनी १९५८ मध्ये खणलं तेव्हा सातवाहन थर भरभरून निघाला. धारूरच्या किल्ल्याची शान वेगळी, ती कुणी काढून घेत नाही.

---

देवगिरी_पायथा

शिलाहारांचं नाव निघालंच आहे तर थांबवत नाही.

ठाणे-कोकणचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. राज्य कुठे, तर साष्टी, मुंबईची बेटं, सोपारा, चौल. तेरवर त्यांची सत्ता नव्हती, पण मूळ घर म्हणून नाव तेरचं. समुद्रावर बसलेलं घराणं आपलं कूळ तेरणेच्या काठी सांगत होतं, ही गंमत सोकोत्रापेक्षा मला जवळची वाटते. आणि त्यांची 'पुरी' नावाची राजधानी कुठली, यावर अजून वाद आहे. त्यात घारापुरी बेटाचंही नाव येतं.

त्यांचा शेवट कुणी केला? आम्ही. देवगिरीच्या महादेव यादवानं, १२६५ च्या सुमारास. शेवटचा राजा सोमेश्वर जमिनीवर हरला आणि जहाजात बसून समुद्रात गेला. यादवांनी तिथेही पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडाला. महादेवाच्या कोपाच्या आगीपेक्षा त्यानं वडवानल, म्हणजे समुद्रातली आग, पत्करला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री प्रशस्तीत लिहून गेला. हेमाडपंत म्हणजे हाच. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती याच लढाईची, असं बऱ्याच जणांनी मानलंय. काही अभ्यासक ते शिल्प दोन शतकं मागे नेतात. पण दौलताबादच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसानं ते दगड एकदा जाऊन बघावेत. समुद्रापासून एवढ्या लांबचं राज्य आरमार उभं करून लढलं!

मलिक अंबरबद्दल एक ओळ टाकतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, तांबड्या समुद्राकडून बगदादमार्गे दख्खनला आलेला हा माणूस. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तेरणाकाठनी दासींचा शब्द गिळू नका म्हटलं ना, त्या व्यापाराचा एक धागा अंबरनं शहरासाठी काढलेल्या आमच्या नहरीच्या पाण्यापर्यंत येतो.

---

उदगीरकर_सलाला

मी ओमानमध्ये सलालाला नोकरीला आहे. सोकोत्रा इथून समुद्रापलीकडे. गेलो नाही, पण तिथली माणसं इथे भेटतात. त्यांची सोकोत्री भाषा अरबी नव्हे. बोलायची भाषा, लिहायची परंपरा नाही. इथल्या डोंगरातल्या लोकांची जिबाली तिच्या नात्यातली. दोघं आपापल्या भाषेत बोलले तर समजत नाही म्हणतात, मग अरबीवर येतात.

जून ते सप्टेंबर सोकोत्राला वाऱ्याचा एवढा जोर असतो की पूर्वी बेट जगापासून तुटायचं. त्याच महिन्यांत आमच्या सलालाला भुरभुर पाऊस लागतो, डोंगर हिरवे होतात आणि सगळं आखात इथे सहलीला येतं. आपल्याकडच्या आषाढाचीच ही धाकटी पाती. पहिल्या वर्षी ती भुरभुर बघून उदगीरची एवढी आठवण आली की रूमवर भजी केली.

सलालापासून जवळच खोर रोरी म्हणून खाडी आहे, तिच्या काठावर सुमहुरम या जुन्या बंदराचे अवशेष. पेरिप्लसमधलं मोशा ते हेच, असं मानतात. धूप इथून जहाजात चढायचा. तिथे भारतीय बनावटीची छोटी ब्रॉन्झची नर्तकी सापडली होती, आणि भारतीय खापरंही निघाली आहेत. २००० पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. भिंती कंबरेएवढ्या-छातीएवढ्या उरल्यात, पण दारातून आत जाताना वाट मुद्दाम नागमोडी केलेली कळते, लुटारूंना थेट घुसता येऊ नये म्हणून. गोदामं होती, त्यात धूप होता, मग हे आलंच.

बाजारात धूप तोलून देतात. हिरवट-पांढरा होजारी सगळ्यात महाग. शेजारीच सोकोत्राचा लाल डिंक छोट्या पुड्यांत असतो. गंजगोलाईभाऊ, पुढच्या सुट्टीत घेऊन येतो, तुम्ही सहाणेवर उगाळून सांगा कुठल्या झाडाचा.

---

गंजगोलाई

नक्की आणा. कडक भट्टीचा चहा माझ्याकडून.

---

मुरूड_अक्का

मी इतिहासातली नाही, पण सोकोत्राबद्दल मुलीनं दाखवलेल्या एका फिल्ममध्ये पाहिलं होतं की ती लाल चिकाची झाडं आता म्हातारीच उरलीत. खरंय का? आणि आत्ता तिथे जाता येतं का?

---

तेरणाकाठ

अक्का, खरं आहे. २००८ मध्ये बेटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो मुख्यतः झाडाझुडपांसाठी, कारण तिथल्या वनस्पतींतल्या एक तृतीयांशाहून जास्त जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पण २०१५ च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्याच्या अंतरानं चपला आणि मेघ अशी दोन चक्रीवादळं येऊन गेली. हजारो झाडं उन्मळली. हे झाड वाढतं मुंगीच्या पावलानं, आणि नवीन रोप वर आलं की शेळ्या खाऊन टाकतात. कुंपण घातलेल्या रोपवाटिकांत थोडी जगवलीत. जायचं तर येमेनमधली परिस्थिती बघूनच. गेल्या काही वर्षांत पर्यटक बहुतेक अबुधाबीहून विमानानं जात होते.

ख्रिस्ती बेट म्हणूनही त्याचा एक मोठा अध्याय आहे. सहाव्या शतकात तिथे ग्रीक बोलणारे ख्रिस्ती असल्याची नोंद आहे, मार्को पोलोनंही ख्रिस्ती लिहिलेत. १५०७ मध्ये पोर्तुगीजांनी तिथला किल्ला घेतला आणि पाणी, अन्न, बंदर काहीच धड नाही म्हणून चार वर्षांत सोडला. गोव्याकडे येताना १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तिथे उतरला होता. हे सगळं वेगळ्या धाग्याचं आहे.

---

उस्मानाबादी_शेळी

शेळ्यांची बदनामी थांबवा. :D तितं गवत नसंल तर बिचारी काय खातील?

बाकी तेरणाकाठ, पोरांना घेऊन येतो रविवारी. संग्रालयात नेमकं काय दावायचं ते सांगा, न्हाईतर परत भायेर पळत्याल.

---

तेरणाकाठ

या की. पोरांना आधी मातीची पदकं दाखवा आणि विचारा, हा माणूस तेरचा दिसतो का. मग हस्तिदंती बाहुली. लहान आहे, काचेजवळ वाकून पाठीमागची वेणी बघायला सांगा. उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट चुकवू नका. पुढे पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, मणी, आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. बांगड्यांपाशी पोरांना सांगायचं की हा शंख समुद्रातला आणि बांगडी तेरच्या बाईच्या हातातली. मग त्रिविक्रमाकडे न्या. मागची बाजू अर्धगोल आहे, चैत्यासारखी. आत न जाता आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, म्हणजे आकार लक्षात येतो.

---

पुराव्यानिशी

बांगड्यांचा शंख कच्छ-सौराष्ट्राकडचा किंवा थेट दक्षिणेचा असतो, सोकोत्राचा नव्हे. पोरांना तेवढं नीट सांगा. रविवारी मीही येतोय, लातूरहून. गाडीत दोन जागा आहेत.